उष्णतारोधक शीट घरी कापताना हत्यार कोणते निवडावे?

खाली पेढी आणि वर घर, अशी रचना सोलापूर, जळगाव, अकोला, नागपूर येथील जुन्या बाजारपेठांत आजही पावलोपावली आढळते. वरच्या मजल्यावर थेट गच्चीचा स्लॅब असतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत ती ऊब खोलीत सोडत राहतो. बाहेरची हवा निवते, पण खोली निवत नाही. चौविहाराचा नियम पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट विशेष जाणवते. इतरांना रात्री दोनदा उठून पाणी पिता येते. त्यांना सूर्योदयाची वाट पाहावी लागते. वर्षीतपाची सांगता अक्षय तृतीयेला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात होते. तपस्व्याची खोली बहुधा शांततेसाठी म्हणून वरच्याच मजल्यावर ठेवलेली असते.

या कारणाने अनेक कुटुंबे स्लॅबच्या खालच्या बाजूस थर्मोकोलची किंवा पफची शीट बसवून घेऊ लागली आहेत. गच्चीच्या बाजूने, ब्रिकबॅट कोब्याच्या थराखाली ही शीट घालणे अधिक परिणामकारक असते. परंतु गच्ची सामाईक असली, किंवा कोबा नुकताच झालेला असला, तर आतूनच काम करावे लागते. एका खोलीच्या कामासाठी कंत्राटदार सहसा उत्सुक नसतो. मग घरातील तरुण मंडळी दोन रविवारांत हे काम स्वतः करण्याचे ठरवतात. सामान येते, मापे घेतली जातात आणि पहिली शीट कापण्याची वेळ आली की कोणीतरी स्वयंपाकघरातील सुरी किंवा सुताराची मोठी करवत आणतो. अर्ध्या तासात सारी खोली पांढऱ्या दाण्यांनी भरून जाते. ते दाणे केसांना चिकटतात, पंख्याच्या वाऱ्याने गॅलरीतून खाली उतरतात आणि पहिल्या पावसात गटारात जातात. तेथून पुढे ते पक्ष्याच्या चोचीत जातात की माशाच्या पोटात, हे पाहायला कोणी जात नाही. पांजरपोळेत ज्यांचे येणे-जाणे आहे, त्यांना गाईच्या पोटातून निघणाऱ्या प्लॅस्टिकविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून थर्मोकोलच्या ताटल्या, पेले आणि सजावटीचे साहित्य यांवर बंदी घातली. तिचा रोख एकदा वापरून फेकल्या जाणाऱ्या वस्तूंवर होता. छतात पंचवीस-तीस वर्षे राहणारी शीट ही निराळी गोष्ट आहे. तथापि ती कापताना गळणारे दाणे त्याच पदार्थाचे असतात आणि त्याच गटारात जातात. म्हणून हत्यार निवडताना ते किती झटपट कापते, एवढेच पाहून भागत नाही. कापल्यानंतर मागे काय उरते, कडा कशी राहते, चुरा किती पडतो, धूर होतो का, हेच खरे पाहण्याचे मुद्दे आहेत.

आधी माल ओळखावा

बाजारात तीन प्रकारच्या शीट मिळतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पहिला प्रकार नेहमीचे थर्मोकोल, ज्याला कारखानदार ईपीएस म्हणतात. मोडलेल्या कडेकडे पाहिले की साबुदाण्यासारखे दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. दुसरा एक्सपीएस. हा बहुधा निळा, गुलाबी किंवा हिरवा असतो. त्यात दाणे नसतात, ब्रेडसारखी एकसंध बारीक जाळी असते. तिसरा पफ, म्हणजे पॉलियुरेथेन. हा पिवळसर असतो, बहुधा दोन्ही बाजूंनी कागद किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेला असतो आणि नख लावले की त्याची भुकटी होते. पीआयआर नावाचा त्याचाच भाऊबंद आगीला थोडा अधिक टिकतो. भारतीय मानकांत थर्मोकोलसाठी आयएस ४६७१ आणि पफ-पीआयआरसाठी आयएस १२४३६ हे क्रमांक आहेत. बिलावर ते लिहून मागण्यात संकोच नसावा.

समान जाडीत पफ थर्मोकोलच्या सुमारे दीडपट उष्णता अडवतो. ५० मिलिमीटर थर्मोकोल जे काम करते, ते साधारण ३५ मिलिमीटर पफ करतो. छत आधीच ठेंगणे असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

थर्मोकोल घेताना त्याचे वजन पाहावे. व्यापारी घरात तराजू असतोच; त्याचा येथे उत्तम उपयोग होतो. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड शीटचे घनफळ ०.०२५ घनमीटर भरते. घनमीटरला १५ किलो घनतेची शीट असेल तर तिचे वजन ३७५ ग्रॅम, आणि २० किलो घनतेची असेल तर ५०० ग्रॅम भरले पाहिजे. सांगितली वीस आणि तराजूवर भरली अडीचशे ग्रॅम, तर तो माल सजावटीचा आहे, इन्सुलेशनचा नव्हे. मापात पाप कोठे आहे ते दोन मिनिटांत कळते. कापण्याशी याचा थेट संबंध आहे. हलक्या शीटचे दाणे एकमेकांना नीट धरून नसतात. कितीही चांगले पाते लावले तरी ते सुटतातच. घनता वाढली की तीच शीट लोण्यासारखी कापली जाते. पुष्कळदा दोष कटरला दिला जातो, पण तो मालाचा असतो.

पाते

बहुतेक घरांना एकाच हत्याराची गरज आहे, आणि ते म्हणजे तुकडे मोडत जाणाऱ्या पात्याचा कटर. १९५६ साली जपानमधील योशिओ ओकादा यांनी तो तयार केला. चॉकलेटच्या वडीवर जशा रेघा असतात, तशा पात्यावर रेघा पाडल्या, की बोथट झालेले टोक मोडून पुढची कोरी धार वापरता येते, ही त्यामागील साधी कल्पना. आज प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात तो मिळतो. परंतु तेथे मिळणारा ९ मिलिमीटर रुंदीचा कटर कागदासाठी असतो. शीटसाठी हार्डवेअरच्या दुकानातून १८ मिलिमीटरचा, आणि जाडी ५० मिलिमीटरच्या पुढे असेल तर २५ मिलिमीटरचा कटर घ्यावा. पहिल्याचे पाते साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते, दुसऱ्याचे ०.७ मिलिमीटर. हा फरक कानावर क्षुल्लक वाटतो. पण पाते सहा सेंटिमीटर बाहेर काढून काम करताना एक वळवळते आणि दुसरे सरळ राहते.

पाते बदलण्यात काटकसर करू नये. थर्मोकोल मऊ दिसते म्हणून धार टिकेल असे वाटते. प्रत्यक्षात बोथट पाते दाणा कापत नाही, त्याला ओढून बाहेर काढते, आणि पांढऱ्या पावसाचे मूळ बहुतांशी हेच असते. दाणे सुटू लागले की तोच इशारा समजून पुढचा तुकडा मोडावा. मग सात-आठ कापांनंतर मोडावा लागो की तीन. पात्याला दोन्ही बाजूंनी मेणबत्ती हलकेच घासली तर ते अधिक सहज सरकते. मोडलेले तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. औषधाच्या रिकाम्या बाटलीत साठवून, झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर तसे लिहून मगच ती द्यावी. कचरा वेचणाऱ्याचा हात उघडा असतो.

कापण्याची रीत अशी. शीट सपाट जागी, खाली जुना पुठ्ठा घालून ठेवावी. खूण पेन्सिलीने करावी; स्केचपेनची शाई काही वेळा पृष्ठभाग खाते. गुण्या लावून काटकोन तपासावा आणि खुणेवर ॲल्युमिनियमची जाड पट्टी घट्ट धरावी. लाकडी पट्टी नको, कारण पाते तिच्यात शिरते आणि रेघ वाकडी होते. पहिल्या फेरीत पाते सेंटिमीटरभरच बाहेर काढावे आणि फक्त वाट पाडावी. दुसऱ्या फेरीत ते अधिक बाहेर काढून निम्म्यापर्यंत जावे, तिसऱ्या फेरीत आरपार. पाते उभे न धरता आडवे, जमिनीशी वीस-तीस अंशांच्या कोनात धरावे आणि आपल्याकडे एकसारखे ओढावे. पुढे-मागे करवतीसारखे चालवले की दाणे सुटलेच. ओढणाऱ्या हाताच्या वाटेत दुसरा हात, गुडघा किंवा मांडी नसावी. हे लिहिण्याइतके सोपे असूनही घरच्या कामातील बहुतेक जखमा येथेच होतात.

एक्सपीएस आणि पफ यांना आरपार कापण्याची गरजही नसते. जाडीच्या एक तृतीयांश खोल रेघ पाडावी, ती टेबलाच्या कडेवर आणावी आणि बाहेरच्या भागावर एकच ठाम दाब द्यावा; शीट बिस्किटासारखी सरळ मोडते आणि चुरा जवळजवळ पडत नाही. पफला कागद किंवा पत्रा असेल तर तो दोन्ही बाजूंनी आधी कापून घ्यावा, नाहीतर तो फाटत जातो. थर्मोकोलवर ही युक्ती चालत नाही. ते दाण्यांच्या सांध्यावर वाकडेतिकडे तुटते.

स्वयंपाकघरातील सुरी मात्र या कामास आणूच नये. दात्यांची ब्रेड कापण्याची सुरी थर्मोकोल बऱ्यापैकी कापते, हे खरे. पण तिच्या दात्यांत अडकलेला कण पुन्हा चौक्यात जाणार. शुद्धीचा विचार बाजूला ठेवला, तरी प्लॅस्टिकचा कण भाजीत जाणे कोणालाच नको असते. हवी असल्यास वेगळी सुरी घेऊन ती हत्यारांच्या पेटीतच ठेवावी.

करवतीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सुताराची मोठ्या दातांची करवत शीटचा केवळ चुरा करते. इंचाला २४ किंवा ३२ दाते असलेले हॅकसॉचे पाते, फ्रेमशिवाय, एका टोकाला कापडाची मूठ बांधून वापरले तर पाईपभोवतीची गोलाई किंवा पंख्याच्या हुकाचे भोक कापायला सोयीचे पडते. जिगसॉ असेल तर त्याला दाते नसलेले, सुरीसारखे पाते मिळते. ते लावल्यास वळणे सफाईने निघतात. ग्राइंडर किंवा गोल करवत यांना या कामात स्थान नाही. त्यांच्या वेगाने पफची बारीक भुकटी उडून श्वासात जाते आणि थर्मोकोल वितळून पात्यालाच चिकटते.

तापलेली तार

शाळकरी मुलांना थर्मोकोल कटर ठाऊक असतो: दोन सेल, एक धनुकली आणि तिच्यात ताणलेली बारीक तार. मोठ्या शीटसाठी हेच तत्त्व मोठ्या आकारात वापरतात. तार निक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची असते. वीज सोडली की ती तापते. थर्मोकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडत असल्याने तार जवळ येताच ते बाजूला सरते, आणि कडा काचेसारखी गुळगुळीत निघते. एकही दाणा गळत नाही. पाहणाऱ्याला हे हत्यार निर्दोष वाटते आणि म्हणूनच त्याविषयी थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट विजेची. घरातील २३० व्होल्टच्या प्लगला तार थेट जोडण्याचा उद्योग जीवघेणा आहे. कोणी कितीही सराईतपणे करून दाखवला तरी तो करू नये. यासाठी कमी व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो. हिशेब अवघड नाही. ०.४ मिलिमीटर जाडीच्या निक्रोम तारेचा रोध मीटरला पावणेनऊ ओहमच्या आसपास असतो. ३० सेंटिमीटरच्या धनुकलीत तो सुमारे २.६ ओहम भरतो. ६ व्होल्ट दिले तर सव्वादोन-अडीच अँपिअर वीज वाहते आणि तेवढी ऊब पुरेशी होते. १२ व्होल्ट दिले तर तार लालभडक होते. तारेने कधीही लाल होता कामा नये. लाल तार थर्मोकोल वितळवत नाही, जाळते; काळा धूर येतो आणि शीट पेटण्याचा धोका उत्पन्न होतो. कारखान्यातून नुकत्याच आलेल्या थर्मोकोलमध्ये ते फुगवण्यासाठी वापरलेल्या पेंटेन या ज्वालाग्राही वायूचा अंश शिल्लक असतो, हेही ध्यानात असावे. आणलेल्या शीट काही दिवस मोकळ्या हवेत ठेवून मगच तार लावावी.

दुसरी गोष्ट धुराची. योग्य तापमानातही थर्मोकोल आणि एक्सपीएसमधून स्टायरिनची वाफ निघते. डोळे चुरचुरतात, डोके जड होते. येथे एक गंमतीचा विरोध आहे. पात्याने कापायचे असेल तर पंखा बंद आणि खिडक्या मिटलेल्या हव्यात, म्हणजे दाणे उडत नाहीत. तारेने कापायचे असेल तर दारे-खिडक्या सताड उघड्या हव्यात, किंवा गच्चीवर सावलीत बसून कापायला हवे. दोन्ही हत्यारे एकाच खोलीत एकाच वेळी चालवता येत नाहीत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: पफ आणि पीआयआर यांना तापलेली तार कधीही लावू नये. थर्मोकोल उष्णतेने वितळते, पफ वितळत नाही. तो करपतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड आणि श्वासनलिकेला घातक असणारे आयसोसायनेट असू शकतात. एका खोलीसाठी थर्मोकोल आणि दुसरीसाठी पफ आणला असेल, तर शीट ओळखण्यातील घाई येथे महाग पडते. घरात दमेकरी असेल तर तारेचा विचारच सोडलेला बरा.

श्रावकाच्या दृष्टीने तारेचा आणखी एक पैलू आहे. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी मान्य केलेलेच आहे. घर बांधणे, दुरुस्त करणे हे गृहस्थाच्या वाट्यालाच आले आहे. प्रश्न असतो तो निष्कारण हिंसेचा. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी दोन हत्यारांच्या पेटीजवळ हमखास आठवावेत. एक हिंसादान, म्हणजे घात करू शकणारी साधने विचार न करता दुसऱ्याच्या हाती देणे. दुसरा प्रमादचर्या, म्हणजे गरज नसताना माती उकरणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे. अग्निकायिक जीवांचा विचार करणाऱ्या घरात, जे काम कोऱ्या पात्याने होते त्यासाठी तार तापवणे हे प्रमादचर्येच्या जवळ जाते. उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १०० मिलिमीटर जाडीच्या तीस शीट हाताने कापल्या तर जो चुरा वाऱ्यावर जाईल, तो जीवघातकच आहे. तेथे तारेचा पक्ष भक्कम होतो.

या पेचातून व्यापारी बुद्धीचा एक मार्ग निघतो. थर्मोकोलचे मोठे ठोकळे कारखान्यात तारेनेच कापले जातात. त्यामुळे मापे आधी काढून विक्रेत्याकडूनच शीट मापात कापून घ्याव्यात. त्याच्याकडे तार आहे, मोकळी जागा आहे आणि चुरा-तुकडे परत वापरण्याची सोय असण्याचा संभवही अधिक आहे. घरी मग फक्त भिंतीलगतचे आणि पंख्याभोवतीचे तुकडे कापायचे उरतात. ते काम पात्याने सहज होते.

फट

कडा सरळ का हवी, हे आकड्यांनी पाहावे. दहा फूट बाय बारा फूट खोलीचे छत १२० चौरस फूट, म्हणजे अकरा चौरस मीटरहून थोडे अधिक. एक मीटर बाय अर्धा मीटर मापाच्या साधारण बावीस-तेवीस शीट लागतात. त्यांच्यातील सांध्यांची एकूण लांबी तेहतीस मीटरच्या घरात जाते. प्रत्येक सांध्यात केवळ पाच मिलिमीटर फट राहिली, तर सगळ्या फटी मिळून पावणेदोन चौरस फुटांचे भोक होते. छतात पावणेदोन चौरस फुटांची उघडी खिडकी कोणी ठेवणार नाही, पण वाकड्या कापाने ती आपोआप राहते.

उष्णता ही त्यातील लहान बाब आहे. फटीत मुंग्या शिरतात, झुरळे शिरतात; शीट मऊ असल्याने मुंग्या आणि उंदीर आत पोखरून बिळे करतात. एकदा तेथे वस्ती झाली की दोन-तीन वर्षांनी घरातील कोणीतरी औषध फवारणाऱ्याला बोलावण्याचा विषय काढतो, आणि मग संकल्पपूर्वक जीवघाताचा प्रसंग दारात उभा राहतो. तो टाळण्याची जागा दोन वर्षांनंतरची नाही. ती पहिल्या दिवशी, पट्टी धरून पाते ओढताना आहे.

थर्मोकोल थोडे दबते. म्हणून लाकडी किंवा लोखंडी पट्ट्यांमध्ये बसवताना ते एक-दोन मिलिमीटर मोठे कापावे आणि हाताने दाबून बसवावे. पफ दबत नाही; मोठा कापून ठोकून बसवला तर कडा चुरते. तो दोन-तीन मिलिमीटर लहान कापावा आणि राहिलेली फट डब्यातून येणाऱ्या फोमने भरावी. फोम फुगून बाहेर आला की पूर्ण वाळू द्यावा आणि त्याच कटरने सपाट छिलून घ्यावा. भिंती क्वचितच सरळ असतात. जुन्या वाड्यात तर एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला इंचाचा फरक सापडतो. भिंतीलगतच्या प्रत्येक तुकड्याचे माप दोन्ही टोकांना वेगळे घ्यावे. कापडाच्या पेढीवर ताग्याला कात्री लावण्याआधी दोनदा मोजतात. तीच सवय येथे चालवावी.

शीट चिकटवताना पेट्रोलसारखा वास येणारा सॉल्व्हंटचा गोंद वापरू नये. तो थर्मोकोल विरघळवतो. आणि शीट उघडी ठेवू नये, हे तर आग्रहाने सांगायला हवे. थर्मोकोल पेटले तर त्याचे जळते थेंब खाली पडतात. आगरोधक दर्जाचा माल मागावाच, पण त्यावर विसंबून न राहता खालून जिप्सम बोर्ड किंवा सिमेंट बोर्ड लावून ते पूर्ण झाकावे. देवघर किंवा घरदेरासर त्याच खोलीत असेल आणि दिवा तेवत असेल, तर त्याच्या वरच्या भागात शीट न लावणेच योग्य. कापड, सूत, कागद किंवा रद्दीचे गोदाम असेल तर घरच्या घरी हे काम करण्याचा विचार सोडून आगीच्या नियमांची माहिती असलेल्या तज्ज्ञाला बोलवावे. आणि अशा गोदामात तापलेली तार आणण्याचा तर प्रश्नच उद्भवू नये.

चुरा आणि उरलेले तुकडे

साधूंच्या पाच समितींत आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग या दोन आहेत: वस्तू उचलताना-ठेवताना आणि टाकताना ठेवायची सावधानता. गृहस्थाने तेवढ्या काटेकोरपणे पाळणे शक्य नसले, तरी या कामाची आखणी त्यांना समोर ठेवून केली तर फार अडचण येत नाही. काम सुरू करण्यापूर्वी छताचा कोपरा न् कोपरा बॅटरीच्या उजेडात पाहावा. पालीची अंडी, कोळ्याची जाळी, गांधीलमाशीचे मातीचे घर असेल तर शीट त्यावर दाबून बसवू नये. मऊ कुंच्याने जे हलवता येते ते हलवावे, आणि जे हलवता येत नाही त्यासाठी तो भाग काही दिवस मागे ठेवावा.

खाली जुनी सुती चादर अंथरावी. शीटवर ओलसर फडके फिरवले की स्थिर वीज कमी होते आणि दाणे हाताला, भिंतीला चिकटत नाहीत. त्यासाठी बादली लागत नाही. गाळलेल्या पाण्याची एक वाटी पुरते. झाडू वापरू नये, कारण तो दाण्यांना जमिनीवरून उठवून हवेत पाठवतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. नसेल तर ओल्या फडक्याने टिपून, चादर चारही टोकांनी उचलून पिशवीत झटकावी. पफ कापताना एन-९५ मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. त्याची भुकटी खाज आणते आणि डोळ्यांना झोंबते.

मोठे उरलेले तुकडे फेकण्याचे कारण नाही. एसीच्या पाईपभोवतीची जागा, खिडकीवरच्या पडद्याच्या पेटीची मागची बाजू, लोखंडी दाराची पोकळी अशा ठिकाणी ते कामी येतात. थर्मोकोलचे स्वच्छ तुकडे काही भंगारवाले घेतात. दाणे मात्र कोणी घेत नाही. ते घट्ट बांधलेल्या पिशवीतच सुक्या कचऱ्यात द्यावेत. कोणत्याही परिस्थितीत ते गच्चीवर नेऊन जाळू नयेत.

कामाची वेळ माघ-फाल्गुनाची धरावी. दिवाळीनंतर पेढीवरची गर्दी ओसरलेली असते, हवा कोरडी असल्याने स्लॅबमध्ये पावसाची ओल राहिलेली नसते, आणि चातुर्मासातील जीवोत्पत्तीचा काळ मागे पडलेला असतो. ओल असताना शीट लावली तर ती आत कोंडून बुरशी धरते. दोन माणसे आणि दोन रविवार एका खोलीला पुरतात: पहिल्या दिवशी मापे, खुणा आणि विक्रेत्याकडील कापणी, दुसऱ्या दिवशी कडेचे तुकडे आणि बसवणे. कटर, पात्यांची डबी आणि निक्रोमची धनुकली काम संपताच कुलूपबंद पेटीत जावी. शेजारच्या मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी ती मागितली, तर धनुकली न देता त्याचा तुकडा कोणा मोठ्या माणसाने कापून द्यावा.